जाळीतली कुसळं

आण्याच्या पठारावर माझं माहेर. गावापासून लांब, एकट्या घराची वस्ती. घर, गोठा, कडब्याची गंज आणि चारी बाजूंनी गवत. पाऊस बरा झाला की हे गवत कमरेच्या वर जातं, आणि माघ सरत आला की इतकं वाळतं की त्यातून कुत्रं चाललं तरी लांबून खसखस ऐकू येते. आदल्या वर्षी पलीकडच्या वस्तीवरचा गोठा वणव्यात गेला होता. त्यामुळे यंदा भावानं मला फोन करून सांगितलं, की तुमचा ट्रॅक्टर आणि गवत कापायचा स्लॅशर घेऊन ये आणि घराभोवती रुंद मोकळा पट्टा काढून दे, म्हणजे आग आली तरी तिथं थांबेल.

माझं सासर ओतूरजवळ. नवरा चाकणला कंपनीत पाळ्या करतो, त्यामुळे घरच्या ट्रॅक्टरवर मीच असते. नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर आळेफाट्यावरून घाट चढवून पठारावर आणून दिला आणि संध्याकाळच्या एसटीनं तो परत गेला. जाण्याआधी बॉनेटपाशी उभं राहून त्यानं मला एकच गोष्ट दोनदा सांगितली. आमच्याकडे बांधावरचं गवत ओलं असतं, ते कापलं की खाली पडतं. हे वाळलेलं उडणार. पुढचा पंखा हवा आत ओढतो, तिच्याबरोबर भुसकट आणि कुसळं रेडिएटरवर जाऊन चिकटतात, हवा जायची वाट बंद होते आणि इंजिन तापतं. त्यानं शेडनेटचा एक तुकडा पुढच्या जाळीवर तारेनं बांधून दिला. तो भरला की इंजिन बंद करून काढायचा, झटकायचा, आतली कुसळं कुंच्यानं बाहेर काढायची, मगच पुढं जायचं.

"आणि इंजिनच्या टेंपरेचरचा काटा तांबड्यात गेला, तर रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नको," तो म्हणाला. "कायबी झालं तरी."

पहिल्या दिवशी मला गवत दिसलंच नाही, दिसला तो फक्त काटा. डोळा पुढं ठेवायचा तर दगड चुकवायचे, मागं ठेवायचा तर स्लॅशर बघायचा, पण माझी नजर सारखी त्या छोट्या गोल घड्याळाकडं जायची. काटा मधोमध असायचा. पट्ट्याच्या कडेकडेनं एक फेरा संपेपर्यंत तो हळूच उजवीकडं सरकलेला असायचा. सरकताना कधी दिसायचा नाही. मी कापलेल्या मोकळ्या जागेवर ट्रॅक्टर आणायची, स्लॅशर बंद करायची, इंजिन थोडं नुसतंच चालू ठेवून मग बंद करायची आणि खाली उतरायची. शेडनेटवर गोधडीसारखा थर बसलेला असायचा. तो ओढला की हातात अख्खा यायचा, पण त्यातूनही काही कुसळं आत गेलेलीच असायची. या कुसळांना टोक असतं आणि मागं पीळ असतो. रेडिएटरच्या पातळ पात्यांमध्ये ती अशी घुसतात की कुंचा आडवा फिरवला तर पाती वाकतात आणि कुसळ तिथंच राहतं. मग इंजिनच्या बाजूनं हात घालून एकेक बाहेर ढकलायचं. बोटांच्या टोकांना नुसत्या टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं.

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे थांबणं अजिबात पटत नव्हतं. सगळा जन्म त्यांनी बैलांवर शेती केली. ते गोठ्याच्या सावलीत बसून बघायचे आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद पडलं की उठून यायचे, काय मोडलं म्हणून विचारायचे. काही मोडलेलं नाही, जाळी साफ करतेय असं सांगितलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा मी लहानपणी काम टाळायला पोट दुखतंय सांगितल्यावर व्हायचा. वहिनी हातात दाताळं घेऊन मी कापलेलं गवत पट्ट्याबाहेर ओढत होती. तिला आप्पा म्हणाले, की हिच्या मशिनीपरीस इळा बरा. वहिनी हसली नाही. तिनंही आदल्या वर्षीचा वणवा जवळून पाहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारं सुटलं. घराच्या तीन बाजू झाल्या होत्या, मावळतीची राहिली होती. ती बाजू सगळ्यात लांब, आणि गंजही त्याच अंगाला. भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन वाशीला गेलेला. मी पहिला फेरा मारून जाळी साफ करत होते तेव्हा वहिनीनं दाताळं खाली टाकलं आणि नुसतंच "वन्सं" म्हणाली. मी मान वर केली. मावळतीला, जिथं पठार जरा खाली वाकतं, तिथं धूर होता. पांढरा नव्हता. पिवळट, आणि आडवा, आमच्याकडं येणारा.

धूर किती लांब आहे हे पठारावर कळत नाही. मधे झाड नाही, घर नाही, मापायला काहीच नाही. वहिनीनं शेजारच्या वस्तीवर फोन लावला, भावाला लावला. शेजारी म्हणाले, फवारणीचे पंप भरून निघतो. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांना दमा आहे. थंडीत चुलीच्या धुरानंसुद्धा त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजतो. मी वहिनीला म्हटलं, यांना स्कूटीवर बसव आणि डांबरीवर नेऊन सोड. आप्पा म्हणाले, मी कुटं जात न्हाई. एवढं बोलून ते पाण्याच्या टाकीकडं वळले आणि पोती भिजवायला लागले.

मी ट्रॅक्टर चालू केला.

त्या फेऱ्यात मी आयुष्यात कधी नव्हता इतका वेग घेतला. मागून भुसकटाचा लोट उठत होता, वारं तिरकं मागून होतं, ते सगळं भुसकट उचलून माझ्यावर आणि ट्रॅक्टरच्या तोंडावर आणून टाकत होतं. नाकात, कानात, पापण्यांत. काटा या वेळी सरकताना दिसला. अर्धा फेराही झाला नव्हता. मला वाटलं, एवढी एक ओळ संपवू आणि मग थांबू. इंजिन काही लगेच जात नाही. इतक्यात वास आला. वणव्याचा वास मघापासून येतच होता, पण हा जवळचा होता, माझ्या गुडघ्यांपासून येणारा, करपलेल्या भाकरीसारखा.

मी तिथंच कापलेल्या पट्ट्यात वळवून थांबले. बॉनेट उघडलं. सायलेन्सर जिथं इंजिनला जोडलेला असतो, तिथं खाचेत भुसकटाचा एक गोळा बसला होता आणि त्याच्यातून धुराचा दोरा निघत होता. कडेला लाल रेघ होती, उदबत्तीच्या टोकासारखी. मी कुंच्यानं तो खाली पाडला आणि चपलेनं मातीत घासत राहिले, विझल्यावरही घासत राहिले. माझ्या डाव्या हाताला, चार पावलांवर, न कापलेलं कमरेएवढं गवत उभं होतं.

शेडनेट तर दिसतच नव्हतं, सगळा गवताचा लेप झाला होता. मी तो ओढून काढत होते, तेवढ्यात आप्पा पाण्याची कळशी घेऊन आले. धूर आता त्यांच्या पाठीमागं खूप उंच झाला होता.

"थांबतीस कशापायी? दिसंना व्हय तुला?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी कळशी मडगार्डवर टेकवली आणि रेडिएटरच्या टोपणाकडं हात नेला. तापलंय तर पाणी घालावं, एवढाच त्यांचा विचार. मी त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, ओढून मागं केलं, इतक्या जोरात की ते हेलकावले.

"आप्पा, त्याला हात लावू नका," मी ओरडले. "आत उकळतंय. समदं तोंडावर येईल तुमच्या."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं. मी त्यांच्यावर आवाज चढवला ती ही पहिलीच वेळ. मी आवाज खाली आणून सांगायला लागले, की ही अशीच चालवली तर तिकडची आग यायची गरज नाही, इथूनच लागेल. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. कळशी तिथंच ठेवून ते गवतातून गोठ्याच्या दिशेनं चालायला लागले. मी कुसळं काढत राहिले. घाईत काढता येत नाहीत ती. एक काढताना दुसरं आत जातं. धुराकडं बघायचं नाही असं ठरवलं की मान आपोआप तिकडं वळायची. किती वेळ गेला असेल सांगता येणार नाही. काटा खाली आला तेव्हा मी पुन्हा निघाले.

आता धूर जमिनीलगत पोचला होता. समोरचं गवत मधेच दिसायचं, मधेच नाही. वहिनी गंजीपाशी ओली पोती टाकत होती, ती मला दिसत होती. आप्पा दिसत नव्हते. गोठ्याच्या दारात नव्हते, टाकीपाशी नव्हते. मी थोडं पुढं गेले आणि मनात आलं, ते रागानं फिरून या गवतात तर शिरले नसतील? खोकल्यानं खाली बसले नसतील? मी ज्या ओळीत चालले होते त्याच ओळीत? गवत कमरेच्या वर. त्यात बसलेला माणूस ट्रॅक्टरवरून दिसत नाही. मागं स्लॅशरची पाती गरगरत होती.

मी ट्रॅक्टर बंद केला. सगळं बंद केलं. वणव्याचा तडतड आवाज तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. मी स्टिअरिंग धरून सीटवर उभी राहिले आणि हाका मारल्या. वहिनीला हातानं विचारलं, आप्पा कुठं? तिनंही हात हलवले, माहीत नाही. मग मी उतरून गवतात शिरले आणि हातांनी गवत बाजूला सारत पुढं गेले, ज्या ओळी कापायच्या राहिल्या होत्या त्या सगळ्यांतून. आग येतेय आणि मी कापायचं सोडून चालतेय, हे मला कळत होतं. पण त्या सीटवर बसून एक फूटसुद्धा पुढं जाणं माझ्या हातून झालं नसतं.

ते डांबरीच्या वाटेवर दिसले. गाय, दोन बैल आणि वासरू गोठ्यातून सोडवून ते पुढं हाकत होते. पाठमोरे, एका हातानं गाईच्या पाठीचा आधार घेतलेला. मी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. पण ते चालत होते, आणि माझ्यापासून लांब होते, एवढं मला पुरलं.

परत ट्रॅक्टरवर बसून मी जेवढं जमलं तेवढं कापलं. शेवटचा कोपरा राहिलाच. आग आली ती मला वाटलं होतं तशी भिंतीसारखी आली नाही. मधे कुठंतरी वारं पडलं होतं. ती पट्ट्यापर्यंत आली, गुडघ्याएवढी झाली, कडेकडेनं खाण्यासारखं काही शोधत राहिली आणि काळी पडत गेली. न कापलेल्या कोपऱ्यातून मात्र ती आत घुसली. तोपर्यंत शेजारचे पाठीवर फवारणीचे पंप घेऊन पोचले होते. आम्ही ओली पोती आपटत होतो, ते पाणी मारत होते. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी जळाली, बोरीचं झाड गेलं. गंजीच्या अलीकडं ती थांबली. शेजारचे एकजण म्हणाले, "झालं वाटतं," आणि पंप न उतरवताच खाली बसले.

त्यांच्याच पिकअपमधून मी आप्पांना आळेफाट्याला दवाखान्यात नेलं. धूर त्यांनी डांबरीवरसुद्धा पुरेसा घेतला होता. वाफेचा मास्क लावून ते कॉटवर बसले होते, छातीचा भाता वरखाली होत होता, डोळे मिटलेले. मी त्यांच्या धोतरातून कुसळं काढून मुठीत धरत होते. नर्स आली आणि म्हणाली, ताई, खाली टाकू नका, आत्ताच पुसलंय. माझ्या स्वतःच्या ओढणीतून ती आधीच फरशीभर पडली होती. मी वाकून गोळा करायला लागले आणि तेव्हा मला रडू आलं. आप्पांनी डोळे उघडले. मास्कमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि वाफ संपेपर्यंत तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर पहिलं काम मी रेडिएटरचं केलं. आतल्या बाजूनं पाण्याची बारीक धार सोडून तो पार स्वच्छ केला. मग राहिलेला कोपरा कापायचा होता. अर्धा जळालेला, अर्धा उभा. आता त्याची तशी घाई नव्हती, पण शिमग्यापर्यंत वारं अजून बरंच वाहायचं होतं. ट्रॅक्टर चालू करण्याआधी मी आप्पांना सांगितलं, की तुम्ही टाकीवर बसा. तिथं मला दिसता.

"आन् न्हाई बसलो तर?" ते म्हणाले.

"तर मी चालू करणार न्हाई."

ते टाकीवर जाऊन बसले. मी फेरा सुरू केला. आता मला दोन गोष्टी बघायच्या होत्या, काटा आणि ते. काटा सरकला की मी थांबत होते, जाळी झटकत होते, आणि झटकता झटकता टाकीकडं मान वळवत होते. ऊन चढलं तरी ते उठले नाहीत. डोक्यावर उपरणं घेऊन बसून राहिले. एकदा ते खोकले, आणि मी पुढचा फेरा तसाच सोडून पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडं गेले.