सोनगीरला थांबणारी गाडी

गिऱ्हाईक समोर बसलेलं, थान अर्धं उलगडलेलं, आणि कापडवाला गादीवरून उठून चालता झाला, असं मी आयुष्यात एकाच दुकानात पाहिलं. धुळ्याला आमच्या गल्लीत काकाजींचं कापडाचं दुकान होतं आणि समोर माझं रेडिओ दुरुस्तीचं. दुपारी चार वाजले की ते मीटरपट्टी खाली ठेवत, "गाडीचा टाइम झाला" एवढं म्हणत आणि जिना चढून माडीवर जात. नवं गिऱ्हाईक चक्रावून जाई. जुनं गिऱ्हाईक मुकाट्यानं मागोमाग जिना चढे.

माडीवर खेळण्यातली आगगाडी होती. 'खेळण्यातली' म्हटलेलं त्यांना खपत नसे, पण दुसरं काय म्हणणार? भुसावळचा कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले. तरुण काकाजींनी विजेवर चालणारं इंजिन, डबे, रूळ आणि एक काळी लोखंडी पेटी घेतली. वडिलांनी म्हणे बरेच दिवस अबोला धरला होता. त्या पेटीला पितळी दांडा होता. तो पुढे सरकवला की गाडी निघे, मागे ओढला की थांबे. पण पेटी भारी लहरी. गाडी चढावर रडे, उतारावर उधळे, आणि दांडा सतत केसभर मागेपुढे करत बसावं लागे. हात दांड्यावर असताना काकाजी कुणाशी बोलत नसत. "त्या वेळी ते घरात नसतात, वारले तरी मला कळायचं नाही," असं काकीजी खुशाल म्हणत.

सूर्य मावळायच्या आत गाडी बंद. एक तर त्यांचं जैनांचं घर, जेवण उजेडातच. शिवाय दिवा लावला की पाखरं येतात, रुळावर बसतात, चाकाखाली मरतात. प्रत्येक फेरीआधी ते मऊ कुंच्यानं रूळ झाडून घेत, एखादी मुंगी असली तर तिला आधी पलीकडे पोचवत. इंजिनाला पुढे छान दिवा होता. अंधारात तो कसा दिसला असता हे आम्हाला कधीच कळलं नाही.

घराणं मूळचं राजस्थानचं, पण काकाजींचा जन्म सोनगीरचा. आग्रा रोडवरचं गाव. किल्ला आहे, रेल्वे नाही. माडीवर मात्र पुठ्ठ्याच्या किल्ल्याखाली सोनगीर स्टेशन होतं, पिवळ्या पाटीसकट. "सरकारनं नाही दिलं, मग मी दिलं," ते म्हणत. सोनगीरची माणसं हरखून जात. "आमना गावले टेसन शे!" असं पोरंबाळं ओरडत आणि म्हातारी माणसं पाटी खरंच वाचता येते का ते वाकून बघत.

यातूनच ती रीत पडली. सोनगीरचं लग्न ठरलं की घरची सगळी माणसं बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं कापड घ्यायला, काकाजींकडे येत. कापड काढून झालं की सगळे वर. हळदकुंकू लावलेली सुपारी पहिल्या डब्यात ठेवायची, नवरी मुलीनं सोनगीरच्या टोकाला बसायचं, आणि गाडी थांबली की तिनं सुपारी उचलायची. मग बस्ता बांधायचा. कुणी ठरवलं नव्हतं, पण सोनगीरच्या लोकांना त्याशिवाय चैन पडेना.

सत्तर सालानंतर केव्हातरी काकाजींचा उजवा हात थरथरू लागला. गाडी सोनगीरच्या कधी अलीकडे थांबे, कधी पलीकडे. "पेटी जुनी झाली, बदलू या," थोरला मुलगा म्हणायचा. हाताचं नाव कुणी काढत नव्हतं.

आणि एका बस्त्याला नको ते झालं. गाडी सोनगीर ओलांडून सरळ पुढच्या पुठ्ठ्याच्या बोगद्यात शिरली आणि तिथंच अडकली. नवरीची आजी ताडकन उठली. "सुपारी बोगदामा गयी वो माय! हाऊ बस्ता नको आमले!"

"आजी, पेटी बिघडली आहे हो," मुलगा घाईनं म्हणाला.

"पेटी चांगली आहे," काकाजी म्हणाले. "माझा हात थरथरतो."

त्यांनी स्वतः बोगद्यातून सुपारी काढून मुलीच्या हातात दिली. आजीची समजूत पटली, बस्ता बांधला गेला, पण सगळे घाईघाईनं जिना उतरून गेले. त्यानंतर सोनगीरची माणसं कापडाला यायची, पण वर जायचं म्हटलं की एस. टी. चुकेल म्हणायची. चार वाजता काकाजी एकटेच वर जात. मला ते बघवत नसे.

शेवटी ते माझ्या दुकानात आले. "मुंबईकडे नव्या पेट्या निघाल्यात म्हणे, ट्रान्झिस्टरच्या. तुला जमेल?"

"जमेल. हात हलला तरी गाडीला कळणार नाही."

"पण पेटी बदलली की लोक म्हणणार, पेटीच खराब होती."

"म्हणू द्या की!"

"खोटं होईल ना ते. तिचा गुन्हा काय?"

आता याला काय म्हणावं? म्हटलं, "काकाजी, मला हात बदलता येत नाही. पेटी बदलता येते." त्यांनी समोरच्या उघड्या रेडिओत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बनव. पण जुनी मोडीत द्यायची नाही."

सुटे भाग मागवून मी पेटी बनवली. दांड्याच्या जागी गोल बटण. गाडी सावकाश वेग घेई, सावकाश सोडी, चढउतारावर एकसारखी चाले. पहिल्याच फेरीला ती सोनगीरला बरोबर पाटीसमोर थांबली. काकाजींनी मुद्दाम बटणावरचा हात आणखी हलवून पाहिला. गाडीवर काही परिणाम नाही. "छान," ते म्हणाले, दुसऱ्याच्या नातवाला म्हणावं तसं. "हिला मी लागत नाही रे."

पुढच्या सोनगीरच्या बस्त्याला त्यांनी हात जोडून सगळ्यांना वर नेलं. नवरी आपल्या टोकाला जाऊन बसणार, तोच तिला हाक मारून त्यांनी पेटीसमोर बसवलं. "बाई, आता तू चालव. सोपी आहे."

पोरगी लाजली. बायकांत कुजबुज झाली. नवरी इकडे बसली तर तिकडे सुपारी कोण उचलणार? एक म्हातारी म्हणाली, "तुम्हीच ल्या काकाजी. तुम्ही बी आमना गावनाच."

काकाजी सोनगीरच्या टोकाला, त्या माणसांत मांडी घालून बसले. मुलीनं बटण फिरवलं. पेटीजवळून इंजिन निघालं, किल्ल्याला वळसा घालून हळू होत गेलं आणि त्यांच्या पुढ्यात थांबलं. इतकी वर्षं त्यांनी गाडी सोनगीरला पाठवली होती. इथं बसून तिला येताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सुपारी उचलली. हात थरथरत होता, ती डब्यावर टकटक वाजली, आणि त्यांनी तो हात लपवला नाही.

त्याच पावसाळ्यात काकाजी गेले. मला ते दिसतात ते त्या टोकाला बसलेले, सुपारी सगळ्यांना दाखवत, डोळे पुसायचंही भान नसलेले, गाडी आली म्हणून लहान पोरासारखे ओरडताना: "उनी रे उनी! गाडी सोनगीरले उनी!"