सोलंगच्या बर्फावर मी पाणी ओतलं

"आज्जी, शेवटची शर्यत असंल तर निदान बघायला तरी ये," शिवानी फोनवर म्हणाली आणि मी त्याच दुपारी कडक भाकऱ्या थापायला बसले.

शिवानी माझी नात. पायाला लांब पट्ट्या बांधून, रोवलेल्या दांड्यांना वळसे घालत बर्फाच्या डोंगरावरून सुसाट खाली यायचं, असल्या शर्यती ती खेळते. स्कीइंग म्हणतात त्याला. आमच्या शिरूर अनंतपाळात बर्फ फक्त रसवंतीवाल्याच्या पोत्याखाली, तर पोरगी यात शिरली कशी? माझा मुलगा बसवराज फौजेत होता. त्याची बदली मनालीकडं झाली आणि ही तिथल्या पोरांसंगं घसरायला शिकली. बाप निवृत्त होऊन गावी आला, पोरगी तिथंच राहिली. देशाच्या संघात गेली. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं, सगळं थांबलं. आता या शर्यतीत पहिल्या तिघींत आली तर पुन्हा संघात, परदेशात सराव. न्हाई तर खेळ बंद. हे तिनंच ठरवलेलं.

तर मी आणि बसवराज निघालो. शिरूरहून चाकूर, तिथून नांदेडची एसटी. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, आधारकार्ड वर ठेवा. दोन्ही बाजूंनी पाण्यावाचून रानं पांढरी पडलेली, आणि गाडीत भांडण कशावरून? उदगीर नवा जिल्हा होणार म्हणे, मग शिरूर कुणीकडं जाणार! एक पागोटेवाले आजोबा वैतागले, "जिल्हा कितीबी करा की! टँकर कुठल्या जिल्ह्याचा येतो तेवढं सांगा." सगळी गाडी हसली. कंडक्टरसुद्धा.

नांदेडहून अमृतसरकडं जाणारी गाडी धरा आणि अंबाल्याला उतरा. तिकीट लई आधी काढा, गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू असतात. समोरच्या सरदारीणबाईंनी माझी भाकरी वाजवून बघितली.

"ये पापड है क्या, बहनजी?"

"पापड नक्को बोलो. रोटी है. महिनाभर टिकती."

त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीसंगं दोन खाल्ल्या आणि मला लोणच्याची बरणीच दिली. अंबाल्याहून मनालीची बस. पुढची जागा मागा, आलेपाक जवळ ठेवा. मी ठेवला, बसवराजनं न्हाई ठेवला. फौजी माणूस, पण सगळ्या वळणांवर खिडकीबाहेर तोंड!

मनालीहून सोलंगला जीप जाते. वाटेत लांब कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. पहिल्या दुकानात घेऊ नका, पुढं स्वस्त हायेत. मी नऊवारीवरच कोट चढवला. आणि मग ते दिसलं. माय गं! डोंगरच्या डोंगर भरून पाणी, उघड्यावर, ना झाकण ना कुलूप. आमच्याकडं आठ दिवसांनी टँकर येतो. मी खाली बसून मूठभर बर्फ तोंडात घातला. बसवराज म्हणाला, "आई, लोक बघून राहिले." बघू दे.

आता माझा घोळ ऐका. शर्यतीच्या आदल्या दिवशी ऊन कलल्यावर शिवानी खोलीत पाय शेकत होती, म्हणून मी एकटीच हिंडायला निघाले. बघते तर वर उतारावर दोघं जण लांब पाइप धरून बर्फावर पाणी मारून राहिलेले. बर्फावर! पाणी! "कायकू फेकते रे पानी?" म्हणून ओरडले. वरपर्यंत आवाज पोचंना. मग पाइप जिथून निघाला होता त्या खालच्या टाकीजवळ जाऊन कॉक बंद केला आणि त्याच्यावर हात ठेवून तिथंच ठाण मांडलं.

जरा वेळानं शिवानी लंगडत पळत आली. मागं तिचे प्रशिक्षक, लाल चेहऱ्याचे पहाडी सर.

"आज्जी, काय केलंस! ते पाणी माझ्यासाठीच होतं की गं!"

मग तिनं सांगितलं. पाणी मारलं की रात्रीतून बर्फ काचेसारखा घट्ट होतो. मऊ राहिला तर आधीच्या पोरींच्या पट्ट्यांनी त्यात चऱ्या पडतात, आणि हिचा उतरायचा नंबर जवळजवळ शेवटचा. "चरीत पट्टी अडकली की गुडघा गेला, आज्जी."

सरांनी धावत कॉक उघडला. थेंब न्हाई. थांबलेलं पाणी पाइपातच गोठलेलं. शेवटचं वळण तेवढं कोरडं राहिलं होतं.

सर कपाळाला हात लावून उभे. मी म्हटलं, "बालट्या है क्या?" पाणी वर न्यायचं तर ते मला शिकवू नका. हाटेलातल्या बादल्या आल्या, टँकर आल्यावर आमच्या गल्लीत लागते तशी माणसांची रांग लावली. बसवराज, सर, इतर पोरी, हाटेलचा आचारीसुद्धा. सगळ्यात वर मी, शिवानीनं कमरेला धरलेलं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणारी बाई मी, बादली उचलली. डोळे मिटले आणि ओतलं. मग दुसरी. सर खालनं ओरडले, "वाह अम्माजी, पतला पतला!"

सकाळी ते वळण चकाकत होतं. दोन फेऱ्या असतात, दोन्हींची वेळ मिळवून निकाल. पहिल्या फेरीत शिवानी पाचवी. दुसऱ्या फेरीला मी त्या वळणाशीच जाऊन उभी राहिले. आली, ढाण्या वाघासारखी आली! गुडघा बर्फाला टेकतो की काय इतकी वाकली, पट्टीचा खर्रर्र आवाज झाला, आणि पोरगी पार. पाय तसूभरसुद्धा सरकला न्हाई. खाली फळ्यावर नाव लागलं. तिसरी! बसवराज लहान लेकरागत रडला. सरांना मी उरलेल्या सगळ्या कडक भाकऱ्या देऊन टाकल्या.

परत आल्यावर गल्लीत रोज माझी सभा. शेजारची महानंदा सगळं तोंड उघडं टाकून ऐकायची, पण बादल्यांचं सांगितलं तशी उसळली. "इथं आम्ही वाटी-वाटी मोजून राहिलो आन् तुम्ही डोंगरावर ओतून आलाव व्हय, मावशी?" दोन दिवस बोलली न्हाई माझ्याशी. तिचंबी बरोबरच होतं.

परदेशी जायच्या आधी शिवानी चार दिवस घरी आली. आमच्याकडं लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घालून घरात घेतात. यंदा सगळ्या गल्लीनं ते बंद केलेलं, नुसता भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतो. मी तुकडा घेऊन दारात आले, तेवढ्यात महानंदा तिच्या घरातून तांब्या भरून आली. काठोकाठ.

"सरका मावशी," म्हणाली, आणि वाकून शिवानीच्या त्या दुखऱ्या पायावर सगळा ओतला.