शेवटी तिचं काय होतं?

नारायण पेठेत कुसुम आगाशेंची कॅसेट लायब्ररी होती. पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. पण काउंटरमागची पाटी तीच राहिली : ‘शेवट विचारल्यास सांगण्यात येईल. ऐकल्यावर चित्रपट न्यावाच लागेल.’

शेवट आधीच फोडून पिक्चर भाड्यानं देणारं दुकान दुसरीकडे कुठे चाललं नसतं. इथे जोरात चालायचं. नायिकेचा पाय घसरलाय अशी कुणकुण लागली, की पेठेतल्या बायका आधी विचारायच्या, “शेवटी तिचं काय होतं?” ती विष खाते, गाडीखाली येते, निदान नवऱ्याचे पाय धरते असं कळलं की सीडी पिशवीत पडायची. “मरते. न्या बिनघोर, मुलांसोबत बघा,” असं कुसुमताई औषधाचा डोस सांगावा तशा सांगायच्या. एखादी सगळं करून सवरून सुखात जगत असेल, तर पाटी विसरून तो पिक्चर परत वरच्या फळीवर. पुरुषाचा शेवट मात्र कधी कुणी विचारला नाही. तो कितीही बाहेरख्याली असो, शेवटी घरी यायचा आणि बायको गरम पोळी वाढायची. कुसुमताईंना यात काडीचं वावगं वाटलं नव्हतं.

त्यांची लेक सुरुची शाळेतून आली की काउंटरखाली बसून गृहपाठ करायची. ती इंजिनिअर झाली, हडपसरला आयटी कंपनीत लागली, कोथरूडच्या आमोदशी तिचं लग्न झालं. कुसुमताईंना आता दोन बोटं स्वर्ग उरला होता.

एका मंगळवारी दुपारची झोप काढून त्यांनी दुकान उघडलं, तर सुरुची पायरीवरच बसलेली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच.

“आई, ऑफिसमधल्या एकाशी माझं वर्षभर चालू होतं. काल मीच आमोदला सांगितलं.”

कुसुमताईंनी विचारलं, “आमोदनं काही त्रास दिला का तुला?”

“नाही गं. चांगला आहे तो. चूक माझीच.”

निदान जावई दारुडा तरी निघायला हवा होता, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तोंडातून निघालं ते त्याहून वाईट. “शोभलं का हे तुला? आता काय होणार तुझं?”

सुरुची रडली नाही. “तुला ठाऊक नाही? अशा बाईचं काय होतं ते लहानपणापासून ऐकतेय मी तुझ्याच तोंडून. सकाळी पुलावर जाऊन उभी राहिले होते. म्हटलं, आधी तुला बघून यावं.”

हे तिनं दुधाचा हिशेब सांगावा इतक्या सहज सांगितलं. काउंटरखाली पेन्सिल चालू असायची, म्हणून पोरीचं लक्ष नाही असं कुसुमताई धरून चालल्या होत्या. किती बायका मारल्या आपण त्या काउंटरवरून, आणि तेही हसत! त्यांनी झडप घालून लेकीचं मनगट धरलं.

तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, रोजचं गिऱ्हाईक. काउंटरवरची नवी सीडी उचलून म्हणाल्या, “अहो कुसुमताई, नवरा सोडून जाणारी ती बया हीच ना? शेवटी काय होतं तिचं?”

त्या पिक्चरमध्ये ती जळून मरत होती.

“जगते,” कुसुमताई म्हणाल्या.

“म्हणजे? माफी मागून परत येते?”

“ते तिचं तिला ठरवू दे. आज आईकडे जेवते.”

“शी! मग नको मला.”

“पाटी वाचा, दुर्गाबाई. शेवट ऐकलात ना? न्यावाच लागेल.”

दुर्गाबाई सीडी पिशवीत कोंबून फणकाऱ्यानं निघून गेल्या. कुसुमताईंनी एका हातानं शटर ओढलं. दुसऱ्या हातातलं मनगट त्यांनी घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.