बटणापाशी माणूस

२०१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या दूध संस्थेने धारूरच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली. माझे यजमान तिथे गुरांचे डॉक्टर होते, त्यामुळे सारजाबाईला मी रोज पाहत असे. कडबा कापायचे काम तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, धुळाजीचे. यंत्र हाताने फिरवायचे. ती पेंढी सारायची, तो चाक फिरवायचा. शेवटचे बुडखे आत जाईनात की ती तळव्याने रेटायची आणि ओरडायची, "हात हाय!" तिने हात काढेपर्यंत धुळाजी चाक धरून ठेवायचा.

मार्चमध्ये विजेवरचे यंत्र आले. चेअरमन सुंदररावांनी नारळ फोडला आणि त्याच दिवशी धुळाजीला घरी बसवले. बटण पलीकडच्या खांबावर होते.

सारजाबाई म्हणाली, "मालक, यांना बटनापाशी उभं ऱ्हाऊ द्या."

"बटन काय पळून जातंय व्हय, राखण बसवायला?"

माणसे हसली.

"बटन न्हाई पळत. पर हात आत गावला तर मी तिथपातूर जाऊ कशी?"

"मग हात घालूच नको की बाई! लई सोपं हाय."

पुन्हा हसू. माझे यजमानही हसले.

तिने ते ऐकले. बुडखे न रेटता बाजूला टाकू लागली. मग सुंदररावांना तो ढीग दिसला.

"जनावरं उपाशी मरायलीत आन् तू चारा उधळायलीस?"

त्या दुपारपासून ती पुन्हा तळव्याने रेटू लागली.

आठवड्याभरात मी तिची हाक ऐकली, "हात हाय!" इतक्या दिवसांची सवय. चाक धरायला कोणी नव्हते. दावणीवरची रतनबाई बटण शोधत धावली, तोवर सारजाबाईच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती.

संस्थेची सभा झाली. अपघात बाईच्या निष्काळजीपणामुळे झाला, असे ठरले. तरीही माणुसकी म्हणून धुळाजीला काम दिले, बटणापाशी उभे राहायचे. सुंदररावांनी त्याला शाल घातली. टाळ्या वाजल्या.

यंत्रावर आता रतनबाई होती. सारजाबाई डाव्या हातात भाकरी घेऊन आली की धुळाजीची मान तिच्याकडे वळायची. ती लांबूनच कडाडायची,

"माझ्याकडं काय बघताव? तिच्या हाताकडं बघा!"