कळपाबाहेरचं जनावर

क्रिस्पुलो तोवारने उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायचा. आपूरच्या माळावर त्याचा आजा घोडा फेकायचा तेव्हा तिथे तारेचं कुंपण नव्हतं. पुढे तार आली, मालक आले, आणि क्रिस्पुलोचं झापाचं घर एल तोतुमो नावाच्या मोठ्या कुरणाच्या अगदी काठावर राहिलं. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. त्याचा कायदा साधा होता. ज्याच्या पुठ्ठ्यावर मालकाची डागणी आहे ते जनावर माणसाचं. ज्याच्यावर नाही ते देवाचं, आणि देव काही कुणाला अडवायला येत नाही.

या कायद्याखाली साठी उलटेपर्यंत त्याने बदकं खाल्ली, हरणं खाल्ली, आणि दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासात चिग्विरे खाल्ला. चिग्विरे म्हणजे डुकराएवढं, तपकिरी, उंदराच्या तोंडाचं गरीब जनावर. ते अर्धा दिवस पाण्यात काढतं. उपासाला मांस चालत नाही, मासा चालतो. आणि पाण्यात राहतो तो मासा, असं आमच्याकडे वाडवडिलांनी कधीच ठरवून टाकलंय. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ना, तसलाच प्रकार. पण पवित्र शुक्रवारच्या ताटात चिग्विरे नसला तर माळावरच्या माणसाला सण झाल्यासारखंच वाटत नाही.

मध्यंतरी व्यापाऱ्यांचे ट्रक यायला लागले. चिग्विरेचं मिठात घातलेलं मांस भरभरून शहराकडे गेलं आणि एल तोतुमोच्या तळ्यावर जिथे कळपच्या कळप लोळायचे तिथे एकच कळप उरला. तेव्हा मालकीण दोन्या इस्मेनिया (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब), नवरा गेल्यापासून कुरण एकटीने सांभाळणारी बाई, प्रार्थनेनंतर गावासमोर उभी राहिली. "तळं बंद. कुणालाच नाही, माझ्या ताटालाही नाही," ती म्हणाली. मग तिने गर्दीतून क्रिस्पुलोला शोधलं. "तुमच्याइतकी ही जनावरं कुणाला कळत नाहीत. तुम्ही राखा. पाऊस येईपर्यंत तुमच्या गाई माझ्या पाण्यावर राहू देत."

उन्हाळ्यात दुसरीकडे थेंब नव्हता. ते पाणी नसतं तर गाई आडव्याच झाल्या असत्या. क्रिस्पुलोने मान डोलावली, आणि खरं सांगायचं तर छातीही थोडी फुगवली.

आणि राखलंही त्याने. दोनदा ट्रकवाल्यांना त्याने शिव्या घालून पिटाळलं. पण सण जवळ आला तशी जीभ चुळबुळ करू लागली. त्यात दुकानाच्या ओट्यावर त्याचा चुलतभाऊ एलेउतेरियो बसलेला.

"काय राखणदार! यंदा तुझ्या ताटात काय, डब्यातला सार्डिन मासा?"

सगळे हसले.

"माझ्या ताटात काय असेल ते बघायला तुला बोलावलं नाही मी," क्रिस्पुलो म्हणाला.

"बोलावू नकोस बाबा. डबा एकच, त्यात किती जण जेवणार?"

ते हसू त्याच्या डोक्यात घरापर्यंत गेलं. एक चिग्विरे मागितला असता तर दोन्या इस्मेनियाने दिला असता की नाही, कोण जाणे. पण मागायचं म्हणजे आजाच्या रानात उभं राहून आजाचंच मागायचं. ते त्याच्या तोंडून निघेना. मागण्यापेक्षा घेणं त्याला जास्त इभ्रतीचं वाटलं. माणसाचं डोकं असं उलटं चालतं कधी कधी.

बाप सांगायचा, कळपातल्याला हात लावू नये. कळपाने हाकललेला एकांडा नर मात्र खुशाल घ्यावा, त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. संध्याकाळी उंच गवतात, कळपापासून बरंच लांब, त्याला एक जनावर एकटंच पडलेलं दिसलं. तोंड गवतात खुपसलेलं. नराच्या नाकाडावर काळं टेंगूळ असतं, ते बघून घ्यायला हवं होतं. व्यायला टेकलेली मादीसुद्धा कळप सोडून अशीच आडोशाला जाते, हेही त्याला बोटांच्या नखांइतकं माहीत होतं. पण डोळ्यांपुढे ताट आलेलं. त्याने घोड्यावरून वाकून सोटा हाणला. एकाच घावात काम झालं.

उलटं करून पाहिलं तेव्हा थानं दुधाने तटतटलेली होती.

पोट फाडलं तर आत पिलं. अंगावर केस आलेली, दात फुटलेली, उद्या-परवा धावली असती अशी. क्रिस्पुलो मटकन खाली बसला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. त्याने हातांनी माती उकरून पिलं पुरली आणि मांस मात्र गोणीत भरलं. टाकून देणं म्हणजे तर आणखी मोठं पाप, असं तो मनाशी म्हणाला. ते खरंही होतं आणि सोयीचंही.

"कुठून आणलंस रे म्हाताऱ्या?" त्याची बायको बाउदिलिया हरखून म्हणाली.

"दोन्याने दिलं. बोलू नको कुणाकडे, नाहीतर सगळं गाव तिच्या दारात उभं राहील."

बाउदिलियाने मांस मिठात घातलं, उन्हात वाळवलं. शुक्रवारी कुटून, तंतू सोडवून, कांदा-टोमॅटो आणि गोड मिरचीत परतलं. सोबत भात आणि कसाव्याच्या कंदाच्या भाकरी. घरभर वास सुटला. क्रिस्पुलोने ताट बाजूला सारलं.

"पोट बिघडलंय," तो म्हणाला.

"वर्षभर वाट बघितलीस आणि आजच बिघडलं? नशीबच फुटकं तुझं."

तेवढ्यात दारात दोन्या इस्मेनिया उभी राहिली. सणाला शेजारीपाजारी गोडधोड वाटायची रीत. ती पपईच्या मुरंब्याची बरणी घेऊन आली होती. आता गावाला सांगायचं नाही हे बाउदिलियाने कसोशीने पाळलं होतं. पण ज्या बाईने दिलं तिच्यापासून काय लपवायचं?

"देव तुमचं भलं करो, दोन्या! तुम्ही स्वतःच्या ताटाला घेतलं नाहीत आणि आम्हाला दिलंत. बसा, तुम्ही खाल्ल्याशिवाय मला गोड लागायचं नाही."

दोन्या इस्मेनियाने ताटाकडे पाहिलं. मग क्रिस्पुलोकडे. त्याच्या गाई, पाणी, गावासमोर घेतलेलं नाव, सगळं आता या बाईच्या एका शब्दावर होतं.

"त्यात काय एवढं, बाउदिलिया," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "वाढ थोडं."

तिने ताट स्वच्छ केलं. चवीचं कौतुकही केलं. तो प्रत्येक घास क्रिस्पुलोला मुस्कटात बसल्यासारखा लागत होता.

तिला जीपपर्यंत सोडायला तो गेला. घरापासून पुरेसं लांब आल्यावर ती थांबली.

"मागितलं असतंत तर एक दिला असता मी. तुमची चाकरी मला दिसत नाही का?"

"चुकलो, दोन्या."

"एकांडा नर होता ना?"

खरं बोलायची ही वेळ होती. त्याने तोंड उघडलं. मागे घरातून बाउदिलिया भांडी आवरताना गुणगुणत होती, आणि पलीकडे त्याच्या गाई दोन्याच्या पाण्यावर उभ्या होत्या.

"हो," तो म्हणाला. "नरच होता."

दोन्या इस्मेनियाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग जाऊ दे. मी उगाच घाबरले. ती जड पोटाची मादी आहे ना, ती काही दिवस मला दुर्बिणीतून दिसत नाहीये. जेवताना सारखं तेच मनात येत होतं. म्हणजे व्यायलाच गेली असणार गवतात." तिने जीपचं दार उघडलं. "पिलं घेऊन कळपात आली की मला निरोप पाठवा. नातीला घेऊन येते बघायला. ती रोज विचारते."

"पाठवतो, दोन्या," क्रिस्पुलो म्हणाला.