आधी उतार, मग चढ

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी आहे, आणि नेमकं मलाच सरकारने घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायला सांगितलं. इथे परदेशात, चेरीवूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. आधी विमानं बंद झाली. मग सुरू झाली, तर पुण्यातल्या बातम्या ऐकून मीच त्यांना सोडलं नाही. ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं. मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली पाय हलवत बसायचे आणि संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून बाबांवर खेकसायचे.

दादा अ‍ॅरिझोनात राहतो. वाळवंटातल्या एका खोल घळीत बाबांना घेऊन पहाटे उतरायचं आणि ऊन तापायच्या आत वर यायचं, हा बेत त्याने आई असतानाच केला होता. आई गेली, बेत राहिला. अमेरिकेची दारं आमच्यासाठी तेव्हा बंद होती, कधी उघडतील कोणालाच ठाऊक नव्हतं. पण बाबा सत्तरीला टेकले होते. आता लवकर नाही तर मग कधीच नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही तरी मला कळत होतं. म्हणून आम्ही तयारीला लागलो.

दादा फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. "बाबा, सह्याद्री विसरा. तिथे आधी चढायचं, दमलं की मागे फिरायचं, उतार आपला घरी आणून सोडतो. इथे उलटं आहे. पायात जोर असतो तेव्हा उतार, आणि पाय संपले की चढ, तोही उन्हात. म्हणून ठरलेल्या वेळेला वळायचं. खाली काही का दिसेना. आणि पाणी तहान लागायच्या आधीपासून, घोट घोट. सोबत काहीतरी खारट खायचं, नुसतं पाणी ढोसूनही माणूस आडवा होतो."

बाबांनी हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून फ्रिजला लावलं. मग दहा किलो आट्याची पिशवी सॅकमध्ये भरून आम्ही आळीपाळीने इमारतीचे चार मजले उतरायचो आणि चढायचो. उतार आधी, चढ मग. बाहेर पाऊस चालूच असायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा मास्कआडून चौकशी केली, कुठे निघालात. बाबा म्हणाले, "डेझर्ट." त्या म्हणाल्या, "ग्रँड," इथे साध्या ‘बरं’लाही तेच म्हणतात, आणि छत्री उघडून पावसात गेल्या.

एकवीसच्या जुलैत खरोखरीचं ऊन पडलं. तोवर लांब जायची मुभाही मिळाली होती. दादा म्हणाला, "हीच परीक्षा. जिथे गाडी वर राहते आणि वाट खाली जाते अशी जागा शोधा. अकराला वळा. जमलं तर दारं उघडली की तिकिटं काढतो. नाहीतर काठावरून बघायचं, खाली उतरायचं नाही."

शहराबाहेर विकलोच्या डोंगरात तशी वाट मिळाली. रस्त्यावरून निघून उघड्या उतारावरून खाली तळ्यापर्यंत, सावली कुठेच नाही. दोघांकडे दोन-दोन लिटर पाणी, खारे शेंगदाणे, बाबांच्या डोक्यावर ओला पंचा. अकरा वाजले तेव्हा तळं समोर चमकत होतं.

"वळायचं," बाबा म्हणाले.

"बाबा, हे काय, हाकेच्या अंतरावर आहे."

"अकरा वाजले."

"तुम्ही बसा इथे. मी हात लावून येते."

दीड वर्ष मी कुठेही पोचले नव्हते. समोर पाणी दिसतंय आणि परत फिरायचं, हे मला सोसेना. मी पळतच खाली गेले. तळं दिसत होतं त्याच्या दुप्पट लांब निघालं. पाण्यात पाय बुडवले, माझं उरलेलं पाणी गटागटा संपवलं आणि दीड तासाने परत आले.

बाबा दगडाला टेकून बसले होते. पंचा कडक वाळला होता, ओठ पांढरे पडले होते. सॅकमध्ये त्यांच्या दोन्ही बाटल्या जवळजवळ भरलेल्याच होत्या.

"प्यायला नाहीत?"

"तू खाली गेलीस. तुझं संपेल, मग चढताना काय पिशील?" ते म्हणाले.

घरात आंबे कापले की हा माणूस कोय चोखायचा आणि फोडी आमच्यापुढे सरकवायचा. मला हे आधीच सुचायला हवं होतं. ते उठायला गेले तर गुडघ्यातून खचले. मी पंचा भिजवला, घोट घोट पाणी पाजलं, शेंगदाणे हातावर ठेवले. तासाभराच्या चढाला तीन तास लागले. त्या तीन तासांत मी जेवढी घाबरले तेवढी नंतर कधीच घाबरले नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. बाबांनी घाईने उचलला. "अरे, माझंच वय झालं. ही वळत होती, मीच दमलो."

मी फोन ओढून घेतला. "दादा, खोटं बोलतायत. मी वळले नाही. आणि त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं, स्वतः पाणी प्यायले नाहीत."

"मग काठावरूनच," एवढंच दादा म्हणाला.

"पाण्याचं त्याला कशाला सांगितलंस?" बाबा माझ्यावर रागावले, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. न जेवता झोपायला गेले. आई असताना ठरलेली ती एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी पाय बुडवायच्या हौसेपायी घालवली.

सकाळी ते बूट घालून दारात उभे होते. "चल. उतरायचं, आणि मी म्हणेन तिथे वळायचं."

घराजवळच्या किलायनीच्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात. शेवटच्या दहा-बारा पायऱ्या उरल्या होत्या. लाटा ऐकू येत होत्या, वाळूवर एक कुत्रा धावत होता.

"वळ," बाबा म्हणाले.

माझा जीव नुसता तडफडला. तरी मी वळले आणि चढायला लागले. चार पायऱ्या गेल्यावर मागे बाटलीचं झाकण उघडलं. मी थांबून ऐकत राहिले. ते पाणी पीत होते.