पट्टेरी अंगाला ठिपक्यांची शेपटी

संग्रहालयातल्या प्राण्यांच्या पुतळ्यांवर कातडी रंगवणाऱ्या रंगाऱ्यानं साडूवर डूख धरला, त्याला अकरा वर्षं झाली. साडू त्याच कार्यशाळेचा प्रमुख. चित्त्याच्या अंगावरचा एकेक केस रंगाऱ्यानं महिनाभर ब्रशानं ओढला आणि उद्घाटनाला पितळी पाटी झळकली ती साडूच्या नावाची. आयत्या बिळावर नागोबा. पुढे सत्तावीस प्राणी झाले आणि सत्तावीस पाट्या. एका तरी पाटीवर आपलं नाव यावं, एवढंच रंगाऱ्याला हवं होतं.

"जाऊ द्या हो, दाजीच आहेत," बायको म्हणायची.

"तुझे दाजी. माझा साडू."

यंदा कार्यशाळेत गणिताच्या एक बाई बोलायला आल्या. साडू पहिल्याच रांगेत पेंगत होता.

"पिल्लू पोटात असताना त्याच्या कातडीत दोन द्रव्यं आहेत असं समजा," बाई म्हणाल्या. "एक रंग चढवतं, दुसरं त्याला अडवतं, आणि अडवणारं जास्त वेगानं पसरतं. त्या ओढाताणीतून नक्षी उठते. पाठ रुंद, तिथे ठिपके मावतात. शेपटी निमुळती, तिथे ठिपका पुरता वेढा घालून पट्टाच होतो. म्हणून ठिपकेवाल्याची शेपटी पट्टेरी असू शकते. पट्टेरी अंगाला ठिपक्यांची शेपटी मात्र या गणितात बसत नाही."

रंगाऱ्यानं हे वहीत नाही, काळजात लिहून घेतलं.

पुढचं काम आलं ते नामशेष झालेल्या प्राण्याचं. हाडं तेवढी सापडलेली, रंग अंदाजानं द्यायचा. रंगाऱ्यानं अंगावर पट्टे ओढले, शेपटीवर ठिपके दिले. असे देखणे, की साडू दोनदा फिरून बघून गेला. केसानं गळा कापतात म्हणे. इथे तर सगळं कामच केसांचं.

उद्घाटनाला बाई शेपटीपाशी थबकल्या. "ही शेपटी कुणाची?"

"प्राण्याचीच," साडू म्हणाला. पाहुणे हसले, तसा तो फुलला. "रंगवला मी. शेपटी तर खास माझ्या हातची, कुणाला शिवू दिलं नाही."

"मग माझं व्याख्यान कोण ऐकत होतं?" असं म्हणून बाईंनी तेच गणित पाहुण्यांना पुन्हा समजावलं, शेपटीवर बोट ठेवून. या वेळी पाहुणे जास्त हसले. साडू शेपूट घालून थेट कार्यशाळेत आला.

"भाऊ, तेवढी शेपटी नीट करून दे," तो म्हणाला. अकरा वर्षांत 'भाऊ' पहिल्यांदाच. "पाहिजे तर पाटीवर तुझं नाव घालतो."

रंगारी ब्रश धूत होता. त्यानं ब्रशाचे केस चिमटीत धरून सावकाश निथळवले.

"नको, साडूसाहेब. राहू दे तुमचंच. दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाही."